इसब, ओरखडे आणि रक्तातलं आयजीई : कातडी आधी की ॲलर्जी आधी?

येरळा

सांगली-मिरजेपासून तासगाव-विट्यापर्यंत हल्ली एक कागद घरोघरी दिसायला लागलाय, लॅबमधून आलेला ॲलर्जीचा रिपोर्ट. वर ‘टोटल आयजीई’ (आयजीई म्हणजे ॲलर्जीशी जोडलेलं रक्तातलं एक प्रतिपिंड, अँटिबॉडी) असा ठळक आकडा, त्याच्यापुढे वर जाणारा बाण, आणि खाली गहू, दूध, अंडं, शेंगदाणा, तूर, वांगं अशी लांबलचक यादी. मग पोराच्या ताटातून एकेक जिन्नस उचलला जातो. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीतलं इसब मात्र तिथंच असतं, खाजवून खाजवून ओलं झालेलं.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. औषधं सांगायला हा धागा काढलेला नाही. पण या आकड्याकडे आपण उलट्या बाजूनं बघतोय असं मला मनापासून वाटतं. आपण धरून चालतो की रक्तात ॲलर्जी भरली, म्हणून ती कातडीवाटे बाहेर पडतेय. गेल्या वीसेक वर्षांतलं संशोधन बऱ्याच मुलांच्या बाबतीत वेगळा क्रम दाखवतं : कातडी आधी फाटते, तिच्या पेशी दुखावतात, आणि त्यामुळं आयजीई वाढतं.

थोडं मागचं सांगते. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला. पुढं १९२१ मध्ये प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोघांनी स्वतःवरच प्रयोग केला. क्युस्टनरना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झनी आपल्या कातडीत टोचून घेतला, नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथं गांधी उठली. रक्तात काहीतरी आहे हे कळलं. ते नेमकं काय, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्यानं, आणि स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं. इतका वेळ लागला, कारण हे प्रतिपिंड रक्तात नगण्य असतं, आयजीजी या नेहमीच्या प्रतिपिंडाच्या जवळजवळ लाखाव्या हिश्शाइतकं. रक्तात ते दोन-तीन दिवसच टिकतं, पण ॲलर्जीची खाज-सूज सुरू करणाऱ्या मास्ट पेशींना चिकटलं की आठवडेच्या आठवडे तिथं राहतं. आणि मास्ट पेशींची दाटी असते कातडीत, श्वासनलिकेत आणि आतड्यात.

आता कातडीकडे येऊ. सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर बहुतेक जागी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका, कधी त्याहूनही पातळ. पेशींच्या मधल्या फटीत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा भराव. खाली जिवंत केराटिनोसाइट पेशी. नखानं ओरबाडलं, कडक साबणानं भराव धुऊन गेला, किंवा जंतूंच्या विकरांनी (एन्झाइमांनी) थर कुरतडला, तर या पेशी निमूट मरत नाहीत. त्या टीएसएलपी, आयएल-३३ यांसारखे धोक्याचा इशारा देणारे रेणू सोडतात. आयएल-३३ तर केंद्रकात तयारच ठेवलेलं असतं, पेशी फुटली की बाहेर सांडतं.

वर्गात मी हे असं सांगते : गावच्या वेशीला भगदाड पडलं की कोतवाल दवंडी पिटतो. दवंडी ऐकून माणसं काठ्या घेऊन जमतात. त्या घडीला वेशीत जो परका उभा दिसेल त्याचं तोंड गाव कायमचं लक्षात ठेवतं. तो चोर होता की शेंगांचं पोतं घेऊन आलेला वाटसरू, हे कुणी विचारत नाही.

म्हणजे पेशींनी हे रेणू सोडले त्या वेळी फाटक्या कातडीत जे प्रथिन शिरलेलं असेल, ते लॅंगरहान्स आणि इतर डेंड्रायटिक पेशी उचलतात आणि लसीकाग्रंथीत नेऊन रोगप्रतिकाराच्या टी पेशींना दाखवतात. त्या टी पेशी आयएल-४ आणि आयएल-१३ हे निरोप देणारे रेणू बनवतात. त्यांच्या सांगण्यावरून बी पेशी नेहमीची प्रतिपिंडं सोडून आयजीई बनवायला लागतात, तेही नेमकं त्या प्रथिनाविरुद्ध.

हे सगळं प्रयोगशाळेतल्या उंदरांपुरतं असेल, माणसांत नाही, असं वाटत असेल तर जपानमधलं उदाहरण घ्या. तिथं चेहऱ्याचा एक साबण खूप खपत होता. त्यात गव्हाचं विघटित प्रथिन घातलेलं होतं. आयुष्यभर पाव आणि नूडल्स खाल्लेल्या बायकांना तो वापरता वापरता गव्हाची ॲलर्जी झाली, काहींना जिवावर बेतणारी. २०११ मध्ये साबण बाजारातून परत घ्यावा लागला. नोंदलेले रुग्ण दोन हजारांच्या वर गेले. पोटातून गहू त्यांना कधीच बाधला नव्हता. साबणाच्या फेसाबरोबर तो कातडीतून गेला आणि शत्रू ठरला.

आपल्याकडच्या सवयी या नजरेनं तपासाव्यात असं मला वाटतं. डाळीचं पीठ, मालिशचं तेल, मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबा, सगळंच. ज्यांच्या घरात असा त्रास आहे त्यांनी लिहावं.

द्राक्षवेल

ताई, तुम्ही लिहिलेला कागद अगदी आमच्या घरचाच आहे. आम्ही तासगावजवळ असतो. बाळाचं वर्ष अजून व्हायचंय. चौथ्या महिन्यापासून गालावर लाल चट्टे, मग हातापायावर. रिपोर्टमध्ये टोटल आयजीई हजाराच्या वर, अंडं आणि शेंगदाणा पॉझिटिव्ह, दूध आणि गहू ‘किंचित’. तेव्हापासून मी स्वतःही दूध, अंडी, शेंगा सोडल्यात कारण अंगावर पाजते. माझं वजन उतरलंय. बाळाचं इसब आहे तेवढंच आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्याकडे घाण्याच्या शेंगतेलानंच बाळाचं अंग चोळतात. आणि न्हाऊ घालणाऱ्या मावशी मसुराचं पीठ लावून लव काढतात, बाळ किंचाळतं. हे चालू ठेवावं का? सासूबाईंना मी कसं सांगू हेही कळत नाही.

त्वचावैद्य_मिरज

येरळाताईंनी मांडणी चांगली केली आहे. द्राक्षवेल, तुम्हाला आधी उत्तर देतो.

टोटल आयजीई हजार आहे म्हणजे ॲलर्जी भयंकर आहे, असा अर्थ काढू नका. इसब असलेल्या मुलांत हा आकडा शेकड्यांत, हजारांत सहज जातो. उलट इसबाच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या रुग्णांत तो नॉर्मल असतो आणि खाज तितकीच. आपल्या भागात पोटातल्या जंतांमुळेही टोटल आयजीई चढतं. त्या एका आकड्यावरून कारण कळत नाही.

यादीतले ‘पॉझिटिव्ह’ पदार्थ म्हणजे शरीरानं त्या प्रथिनाची ओळख ठेवली आहे, एवढंच. खरी अन्नाची ॲलर्जी असेल तर पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, घरघर असं काहीतरी दिसतं. दूध आणि गव्हाच्या बाबतीत असं कधी झालं नसेल तर ते बंद करण्याला आधार नाही. आणि हे नीट वाचा : इसबाच्या मुलाला जो पदार्थ व्यवस्थित पचत होता तो केवळ रिपोर्ट बघून महिनोन्‌महिने तोडला, तर पुन्हा देताना खरी, तीव्र ॲलर्जी उफाळल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. तोंडावाटे ओळख थांबते, कातडीवाटे मात्र चालूच राहते. तुम्ही स्वतः उपाशी राहण्याचंही कारण मला दिसत नाही, पण ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मसुराचं पीठ चोळून लव काढणं आजपासून बंद. त्यात वाद नाही. फाटलेल्या कातडीवर खरखरीत पीठ घासणं म्हणजे पेशी फोडणं आणि त्याच क्षणी डाळीचं प्रथिन आत ढकलणं, दोन्ही एकदम. हरभरा, मसूर यांची ॲलर्जी आपल्या देशात दिसते, ती काल्पनिक नाही.

शेंगतेलाबद्दल : २००३ साली लंडनच्या गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. ज्या तान्ह्या मुलांच्या ओल्या, चिघळलेल्या पुरळावर शेंगदाण्याच्या तेलाची मलमं लावली गेली होती त्यांच्यात पुढं शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं. कातडी धडधाकट असलेल्या बाळाचं प्रकरण वेगळं. तुमच्या बाळाची कातडी फाटलेली आहे, तिथं साधी पेट्रोलियम जेली लावा. सासूबाईंना सांगा की मालिश बंद नाही, फक्त तेल बदललंय.

अजिंक्यतारा

मी साताऱ्यात राहते, वय सत्तरीच्या पुढं. आमच्या चार पिढ्या डाळीच्या पिठानं न्हाल्या, साय-हळद लावून वाढल्या, आणि कुणाला इसब नव्हतं. डॉक्टरसाहेबांचा अनादर नाही, पण आजीबायांचं सगळंच चुकीचं होतं असं नव्या मुलींना वाटू नये. बाळाच्या अंगाला हात लागणं, शेक, शांत झोप, याची किंमत मोठी आहे. आता साबण, पावडर, सुगंधी वाइप्स यांचा मारा किती वाढलाय बघा. आमच्या वेळी तान्ह्या बाळाला साबणच लागत नव्हता.

त्वचावैद्य_मिरज

काकू, तुमचा साबणाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि तो आम्ही लोक पुरेसा सांगत नाही. निरोगी कातडीचा सामू (पीएच) पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. साध्या वडीच्या साबणाचा नऊ-दहा. सामू वर चढला की कातडीतलीच प्रथिनं कापणारी विकरं जोरात काम करायला लागतात आणि पेशींमधले दुवे वेळेआधी तुटतात. नेदरटन म्हणून एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे. त्यात या विकरांना आवरणारं प्रथिनच सदोष असतं. अशा मुलांची कातडी जन्मापासून सोललेली असते आणि आयजीई प्रचंड चढलेलं असतं. सुरुवात बिघडते कातडीत, आणि ॲलर्जी मागून येते. या धाग्याच्या प्रश्नाला इतकं स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्या आजारात मला दिसलेलं नाही.

हातानं हळुवार मालिश जरूर करा. माझा आक्षेप आहे तो इसब असलेल्या बाळाला पीठ घासण्यावर. ज्याची कातडी शाबूत आहे त्या नातवंडाबद्दल मी काही बोललेलो नाही.

कुसळ

मी यातला नाही, पण घरात तीन पिढ्या दमा आणि सर्दी, त्यामुळं वाचत असतो. माझी शंका अशी. हे सगळं आनुवंशिक असेल तर? ज्याच्या रक्तात ॲलर्जीचं वळण आहे त्याला इसबही होणार आणि आयजीईही वाढणार. दोन्ही एकाच मुळातून आलेली. मग ‘कातडीमुळं आयजीई’ असं म्हणायला पुरावा काय? आणि तसं असेल तर प्रत्येक बाळाला जन्मापासून क्रीम चोपडलं की प्रश्न मिटायला हवा. मिटला का?

येरळा

कुसळ, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

आनुवंशिकतेचं उत्तर स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या संशोधकांना २००६ मध्ये सापडलं, आणि तेच कातडीच्या बाजूनं सगळ्यात मोठा पुरावा ठरलं. अर्विन मॅक्लीन आणि अ‍ॅलन अर्व्हाइन यांच्या गटानं दाखवलं की फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका बराच वाढतो. युरोपातल्या साधारण दहा टक्के लोकांत असा दोष असतो. आता हे प्रथिन काम कुठं करतं? कातडीच्या वरच्या थरात. पेशींची घट्ट रचना आणि ओलावा त्याच्यावर अवलंबून असतो. फुप्फुसाच्या नळ्यांत त्याचा पत्ता नाही. तरीही या दोषाची माणसं, विशेषतः ज्यांना इसब आहे ती, पुढं दम्याला जास्त बळी पडतात, आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा धोकाही त्यांना जास्त. म्हणजे वारशानं येणाऱ्या गोष्टींतली एक मोठी गोष्ट ही पातळ कातडीच आहे. तुमच्या तीन पिढ्यांत नेमकं काय उतरलंय हे मी सांगू शकत नाही, पण ‘आनुवंशिक’ आणि ‘कातडीमुळं’ हे एकमेकांच्या विरुद्ध नाहीत.

आयर्लंडमध्ये आणखी एक काम झालं. नवजात बाळांच्या कातडीतून किती पाणी उडून जातं हे जन्मानंतर लगेच मोजलं. ज्यांच्या कातडीतून जास्त पाणी उडत होतं त्यांच्यात दोन वर्षांच्या वयाला अन्नाची ॲलर्जी जास्त निघाली, इसब न झालेल्या मुलांतसुद्धा.

तुमचा दुसरा प्रश्न : मिटला का? नाही. २०२० मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एक इंग्लंडमधली आणि एक नॉर्वे-स्वीडनमधली. इंग्लंडमध्ये १३९४ बाळं होती. पहिलं वर्षभर रोज मलम लावूनही इसब टळलं नाही, उलट कातडीचे संसर्ग थोडे वाढलेले दिसले. निरोगी बाळाला वरवर क्रीम लावणं म्हणजे कातडीची दुरुस्ती नव्हे, एवढं त्यातून कळलं.

पण जपानमधली २०२३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी वेगळं सांगते. इसब झालेली साडेसहाशेच्या आसपास तान्ही बाळं घेतली. अर्ध्यांचं इसब नेहमीच्या पद्धतीनं, लागेल तसं हाताळलं. उरलेल्यांचं सुरुवातीपासून जोर लावून पूर्ण शांत केलं. अंड्याची ॲलर्जी पहिल्या गटात सुमारे ४२ टक्के, दुसऱ्यात ३१ टक्के. तोंडावाटे काहीही वेगळं दिलेलं नव्हतं, फक्त कातडी सुधारली होती. मात्र दुसऱ्या गटातल्या बाळांची उंची आणि वजन थोडं कमी भरलं, कारण स्टेरॉइड जास्त लागलं. ही बाजू लपवून चालणार नाही. मार्ग सापडलाय, पण किती मात्रेनं चालायचं हे अजून ठरतंय.

पाचट

वाळव्याकडचा ऊसवाला. माझा प्रश्न बाळांचा नाही. आमच्याकडं तोडीला टोळ्या येतात. उसाची पानं म्हणजे कडेला बारीक करवतीच, हात-मान-कान सगळं चिरलेलं. वरून घाम, धूळ, बांधावरचं काँग्रेस गवत. हंगाम संपेपर्यंत कित्येकांची कातडी काळी आणि जाड होती. त्यांचं पण हे आयजीई वाढत असंल का? का ही वेगळी भानगड? त्यांच्याकडं कुणी रिपोर्ट काढत नाही, कुणी बघत पण नाही.

त्वचावैद्य_मिरज

पाचट, हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला फार बरं वाटलं.

काँग्रेस गवताचं, म्हणजे गाजर गवताचं इसब मुख्यतः वेगळ्या वाटेनं येतं. त्यातलं पार्थेनिन हे रसायन टी पेशींना थेट चेतवतं. पुरळ उठायला एक-दोन दिवस लागतात आणि उघड्या भागावर, चेहरा, मान, कोपरापुढचे हात इथं ते पसरतं. त्यात आयजीई हा मुख्य खेळाडू नाही. सिमेंटच्या कामात गवंड्यांच्या हाताला होतं तेही याच जातीचं, क्रोमियममुळं. या लोकांना आयजीईची तपासणी सांगणं म्हणजे त्यांच्या मजुरीचे पैसे वाया घालवणं. गरज असते पॅच टेस्टची, म्हणजे संशयित पदार्थांच्या पट्ट्या कातडीवर लावून बघण्याची.

पण चिरलेली कातडी दोन्ही वाटा मोकळ्या करते हे खरं. त्याच गवताचे परागकण नाकात जाऊन शिंका-दमा होतो, तेव्हा मात्र आयजीई असतं. पूर्ण बाह्या, मानेला पंचा, काम संपल्यावर साध्या पाण्यानं धुणं आणि रात्री खोबरेल किंवा जेली. इतकं जरी मुकादमानं टोळीला करू दिलं तरी फरक पडतो. पाणी मात्र त्यांना मिळायला हवं. तिथं उसाच्या मालकाचं काम सुरू होतं.

सिस्टर_वारणा

मी मिरजेत नर्स होते, आता निवृत्त. कातडीतून ॲलर्जी शिरते हे आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. सतत साबण-स्पिरिटनं हात धुऊन बोटांच्या बेचक्या फुटलेल्या असायच्या, त्यावर पावडरवाले रबरी हातमोजे. काही जणींना आधी हाताला खाज, मग गांधी, मग हातमोज्याचं पाकीट उघडलं की शिंका आणि धाप. हे लॅटेक्सविरुद्धचं आयजीई होतं. जगभर आरोग्य कर्मचाऱ्यांत ही लाट आली होती, आणि हाताचं इसब असलेल्यांना धोका जास्त होता. मोज्यातली पावडर लॅटेक्सचं प्रथिन हवेत उडवते. अमेरिकेनं २०१७ पासून पावडरवाल्या मोज्यांवर बंदीच घातली.

नव्या मुलींना मी सांगत असते, ड्युटी संपली की हाताला जेली चोळा, आणि बेचक्या फुटल्या तर लाजू नका, दाखवा.

घाटमाथा

मूळचा साताऱ्याचा, सध्या पुण्यात जीवशास्त्रात संशोधन करतो. धाग्याच्या नावातला प्रश्न मला आणखी एका टोकाला न्यायचाय, कारण आयजीई म्हणजे फक्त चूक झालेलं प्रतिपिंड असा समज होऊ नये.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये जेसिका स्ट्रिड यांच्या गटानं २०१८ मध्ये उंदरांच्या कातडीवर पेशींच्या डीएनएला इजा करणारं, कर्करोगकारक रसायन लावलं. कुठलाही परागकण नाही, अन्न नाही, परकं प्रथिनच नाही. तरीही आयजीई वाढलं. कातडीतल्या गॅमा-डेल्टा टी पेशींनी दुखावलेल्या पेशी ओळखल्या आणि बी पेशींना आयजीईकडे वळवलं. पुढची गोष्ट जास्त विलक्षण आहे : ज्या उंदरांत आयजीई बनूच शकत नव्हतं त्यांच्या कातडीवर गाठी जास्त झाल्या. म्हणजे इजेनंतर आलेलं हे आयजीई त्यांचं रक्षण करत होतं. माणसांच्या स्क्वेमस पेशींच्या कातडी-कर्करोगातही आयजीई वाहणाऱ्या पेशी त्यांना आढळल्या.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी मधमाशीच्या विषाबद्दल असंच दाखवलं. विषाशी आधी थोडी ओळख झालेले उंदीर नंतरच्या मोठ्या मात्रेतून जास्त वाचत होते, आणि त्यात आयजीईचा हात होता. जंत, विष, कातडीला इजा करणारी रसायनं, या सगळ्यांत धोका शरीराच्या पृष्ठभागावरून येतो आणि त्याला झटक्यात बाहेर फेकायचं असतं. खाज, शिंक, उलटी, जुलाब या सगळ्या बाहेर फेकण्याच्याच रीती. म्हणून कातडीच्या पेशी दुखावल्या की आयजीई जागं होतं हे मला बिघाडापेक्षा जुनी, शहाणी व्यवस्था वाटते. ती आज डिटर्जंट, कोरडी कातडी आणि शेंगदाण्याच्या कुटावर खर्च होतेय.

गोचीड चावल्यावरचं उदाहरणही यातलंच. अमेरिकेत थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाला २००९ च्या सुमारास अशी माणसं सापडली की ज्यांना मटण-बीफ खाल्ल्यावर काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, गांधी उठत. कारण होतं अल्फा-गॅल नावाच्या शर्करेविरुद्धचं आयजीई, आणि ते तयार झालं होतं गोचिडीच्या दंशातून.

कुसळ

येरळाताई, घाटमाथा, दोघांचे आभार. फिलाग्रिनचा मुद्दा मला पटला. एक राहिलं. कातडी आणि आतडं इतकं लांब. कातडीला ओरखडा पडला म्हणून पोटातली ॲलर्जी कशी काय भडकेल?

घाटमाथा

बोस्टनच्या राइफ गेहा यांच्या प्रयोगशाळेनं २०१९ मध्ये नेमकं हेच तपासलं. उंदरांच्या कातडीवर चिकटपट्टी लावून ओढली, पुन्हा पुन्हा, खाजवल्यासारखी इजा व्हावी म्हणून. कातडीतून सुटलेलं आयएल-३३ रक्तातून आतड्यापर्यंत गेलं. तिथल्या अस्तरातल्या टफ्ट नावाच्या पेशींच्या आयएल-२५ या तशाच रेणूबरोबर मिळून त्यानं आतड्यातल्या मास्ट पेशींची संख्या वाढवली. आतड्याचं अस्तर जास्त गळकं झालं आणि आधीच ॲलर्जी असलेल्या अन्नाची प्रतिक्रिया तीव्र झाली. इसब असलेल्या थोड्या मुलांच्या आतड्याचे तुकडेही त्यांनी पाहिले, त्यांत मास्ट पेशी जास्त होत्या. मुलांची संख्या फार लहान होती, त्यामुळं त्यावर शेवटचा शब्द म्हणून विसंबू नका, पण वाट आहे हे दिसलं.

द्राक्षवेल

सगळं दोनदा वाचलं. मावशींना पीठ बंद सांगितलं, सासूबाईंनी वाईट वाटून न घेता ऐकलं. पण आता शेंगदाण्याची भीती वेगळीच वाटायला लागलीय. आमच्या घरात रोजच्या भाजीत कूट असतो. ओट्याखाली, फरशीवर तो सांडतो, बाळ तिथंच रांगतं. मी काय, कूट बंद करू?

दुसरं, ओळखीच्या एकांनी सांगितलं की आयजीई उतरवायचं इंजेक्शन मिळतं. ते घ्यावं का?

त्वचावैद्य_मिरज

कूट बंद करू नका. फरशी ओल्या फडक्यानं पुसा. घरातल्या धुळीत शेंगदाण्याचं प्रथिन असतं आणि फिलाग्रिनचा दोष असलेल्या किंवा इसब असलेल्या बाळांना त्याचा धोका जास्त, हे दिसून आलेलं आहे. पण यावरचा उपाय घर निर्जंतुक करणं नाही. कातडी बंद करायची आणि तोंड उघडायचं. लॅक यांच्याच गटानं २०१५ मध्ये ६४० बाळांवरच्या चाचणीचा निकाल दिला. ही तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची बाळं होती. पाच वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा टाळलेल्यांत १७.२ टक्क्यांना ॲलर्जी झाली, नियमित खाणाऱ्यांत ३.२ टक्क्यांना. आपल्या सातारा-सांगलीकडे कूट घरोघरी असतो, त्यामुळं तोंडावाटे लवकर ओळख करून देणं आपल्याला अवघड नाही. अख्खा दाणा मात्र लहान मुलाला कधीच नाही, श्वासात अडकतो. पातळ पेस्ट करून द्यायची असते.

तुमच्या बाळाचा रिपोर्ट शेंगदाणा आणि अंड्याला पॉझिटिव्ह आहे, म्हणून पहिला घास घरी देऊ नका. दवाखान्यात, ॲड्रेनालीन (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) हाताशी ठेवून, थोडं थोडं देऊन बघावं लागेल.

इंजेक्शनबद्दल. आयजीईला धरून बसणारं ओमालिझुमॅब २००३ पासून अमेरिकेत दम्यासाठी मान्य आहे, दम्यात आणि जुनाट गांधीत ते चांगलं काम करतं. इसबात मात्र त्याचे निकाल संमिश्र आहेत. उलट आयएल-४ आणि आयएल-१३ चा संदेश अडवणाऱ्या डुपिलुमॅबला २०१७ मध्ये मोठ्यांच्या इसबासाठी मान्यता मिळाली. त्यानं कातडी सुधारते आणि मागून आयजीईही हळूहळू उतरतं. या दोन औषधांतला फरक बघितला की कळतं, इसबात आयजीई हे बहुतेक वेळा मागून चालत आलेलं असतं. तुमच्या बाळाला आज यातलं काहीच लागत नाही. नीट केलेली साधी चिकित्सा अजून झालेली नाही, असं मला तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

येरळा

बोअरच्या जड पाण्याबद्दल दोघांनी वेगळं विचारलंय, म्हणून इथंच लिहिते. जड पाण्याच्या भागात इसब जास्त दिसतं असं अनेक पाहण्यांत आलंय, कारण अशा पाण्यात साबण कातडीवर जास्त चिकटून राहतो. पण इंग्लंडमध्ये ३३६ मुलांच्या घरी पाणी मृदू करणारं यंत्र बसवून बघितलं, २०११ मध्ये निकाल आला, इसबात फरक पडला नाही. जत-आटपाडीकडच्या लोकांनी महागड्या फिल्टरपेक्षा साबण कमी करण्यावर भर द्यावा.

द्राक्षवेल

मिरजेला नंबर लावलाय. रिपोर्टची सगळी फाईल आणू ना?

त्वचावैद्य_मिरज

माझ्याकडे या किंवा दुसऱ्या कुणाकडे जा, फाईल न्या. त्याहून जास्त उपयोगी पडेल ती एक साधी वही : बाळानं आजवर काय काय खाल्लं आणि त्यानंतर दोन तासांत काय दिसलं. तुम्ही खाल्लेलं नको, बाळानं तोंडानं खाल्लेलं. आणि सध्या लावताय ती ट्यूब खोक्यासकट न्या. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या मिश्र ट्यूबांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. २०१८ पासून अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी मिळतात. बाळाच्या गालावर ती महिनोन्‌महिने लावली तर कातडी आणखी पातळ होते. जाण्याच्या काही दिवस आधीपासून अँटिहिस्टामिन द्यायचं का थांबवायचं हे आधी फोन करून विचारा, कारण स्किन प्रिक टेस्ट (कातडीला हलकं टोचून करायची ॲलर्जीची तपासणी) करायची झाली तर त्यानं निकाल चुकतो.